प्रार्थनेला उपचारांची जोड

१९४४ साली बिल विल्सन यांना दारू सोडून जवळजवळ दहा वर्षे होत आली होती. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजेच ‘एए’चे ते सहसंस्थापक. त्यांनी दाखवलेल्या वाटेने अमेरिकेत हजारो मद्यपी व्यसनातून बाहेर पडले होते. स्वतः बिल यांना मात्र काही दिवस अंथरुणातून उठवत नसे. डोके हातात धरून ते नुसते बसून राहत. दारू सुटली होती, नैराश्य सुटले नव्हते.

हे नैराश्य जुने होते. १८९५ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडील विभक्त झाले आणि बिल आजी-आजोबांकडे वाढले. १९१२ मध्ये त्यांची शाळेतली प्रिय मैत्रीण शस्त्रक्रियेनंतर अचानक दगावली. या धक्क्याने ते इतके खचले, की अभ्यासही मागे पडला. पुढे सैन्यात असताना दारूची ओळख झाली. शेअर बाजारात मिळवलेले पैसे आणि नाव, दोन्ही तिने नेले. १९३३-३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात त्यांना चार वेळा दाखल व्हावे लागले.

तिथले डॉ. विल्यम सिल्कवर्थ दारूच्या व्यसनाला चारित्र्यदोष न मानता आजार मानत. डिसेंबर १९३४ मध्ये, शेवटच्या खेपेला, खोलीत लख्ख प्रकाश पसरल्याचा आणि ईश्वर जवळ असल्याचा अनुभव बिल यांना आला. आपल्याला वेड तर लागले नाही ना, या भीतीने त्यांनी तो डॉक्टरांना सांगितला. डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, वेड लागलेले नाही असा निर्वाळा दिला आणि या अनुभवाचा आधार सोडू नका, असे सुचवले. त्यानंतर बिल यांनी दारूला स्पर्श केला नाही. १९३५ मध्ये अ‍ॅक्रन शहरात त्यांची भेट शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी झाली. एका मद्यपीने दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलायचे, या साध्या गोष्टीतून ‘एए’ उभी राहिली.

गरज पडल्यास डॉक्टरांकडे, मानसतज्ज्ञांकडे जायला कचरू नये, असा सल्ला ‘एए’च्या १९३९ सालच्या पुस्तकात होताच. आता तो पाळण्याची वेळ स्वतः बिल यांच्यावर आली. ते सोपे नव्हते. ज्यांच्या श्रद्धेकडे पाहून लोक सावरले, त्यांनीच मानसोपचार घ्यायचे? काही सहकाऱ्यांनी तर साधना कमी पडते म्हणून असे होते, अशी टीका केली. तरीही १९४४ मध्ये ते मनोविकारतज्ज्ञ डॉ. हॅरी टीबो यांच्याकडे जाऊ लागले. नंतर कार्ल युंग यांच्या विचारांच्या एका तज्ज्ञ महिलेकडेही त्यांनी उपचार घेतले.

याच काळात फादर एडवर्ड डाउलिंग हे कॅथलिक धर्मगुरू त्यांचे आध्यात्मिक सल्लागार होते. १९४० पासूनचा हा स्नेह फादरांच्या मृत्यूपर्यंत, १९६० पर्यंत टिकला. बिल कॅथलिक नव्हते आणि फादर मद्यपी नव्हते. मनातली सल फादरांपाशी उघडी करायची आणि आजाराचे डॉक्टरांपाशी बोलायचे, यात बिल यांना विसंगती वाटली नाही.

चमत्कार घडला नाही. चढउतार होत होत १९५५च्या सुमारास नैराश्याचा विळखा सैल झाला. सिगारेट मात्र फार उशिरापर्यंत सुटली नाही. फुप्फुसे निकामी होत जाऊन १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे हा संत पुरुष नव्हता, मदत मागायला न लाजणारा रुग्ण होता.

आज महाराष्ट्रातही ‘एए’च्या सभा मराठीतून भरतात. पण नामस्मरण करतो, मग मानसोपचार कशाला, हा प्रश्न अजून घरोघरी ऐकू येतो. मधुमेहासाठी गोळी घेताना श्रद्धा आड येत नाही. मग मनाच्या आजारातच ती का यावी? दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप उडणे, कशातच रस न वाटणे असा त्रास असेल, तर तज्ज्ञांना भेटावे. आत्महत्येचे विचार येत असतील, तर दोन आठवडेही थांबू नये. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. पूजा, वारी, ध्यान सुरू ठेवावे. मात्र चालू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.