मानसपुत्राला पारखा झालेला जनक

दूरचित्रवाणीवरील मालिकेचा चित्रपट झाला की तिच्या जनकाचे भाग्य उजळले, असे आपण गृहीत धरतो. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांचे चरित्र या समजुतीला धक्का देणारे आहे.

रॉडनबेरी यांचा जन्म १९२१ साली टेक्सासमधील एल पासो येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर त्यांनी बॉम्बफेकी विमान चालविले. पुढे ते पॅन अमेरिकन कंपनीत वैमानिक झाले. जून १९४७ मध्ये कराचीहून इस्तंबूलला निघालेले त्यांचे विमान सीरियाच्या वाळवंटात कोसळले. त्यातून ते बचावले. नंतर लॉस एंजेलिसच्या पोलीसदलात असतानाच त्यांनी मालिकालेखन आरंभिले आणि १९५६ मध्ये ती नोकरी सोडली.

१९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. शीतयुद्ध ऐन भरात असताना एकाच अंतराळयानावर अमेरिकन, आफ्रिकी, आशियाई आणि पुढे रशियन माणसेही सहकारी म्हणून दिसावीत, हे त्या काळी धाडसच होते. तरीही ७९ भागांनंतर, १९६९ मध्ये, मालिका बंद पडली. तिला खरी लोकप्रियता मिळाली ती पुनःप्रक्षेपणातून.

‘स्टार वॉर्स’ने १९७७ मध्ये पैशाचा पाऊस पाडला, तेव्हा पॅरामाउंटने नव्या मालिकेचा बेत गुंडाळून चित्रपटच काढावयाचे ठरविले. निर्माते रॉडनबेरी, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी त्यातील भूमिकेसाठी केशवपन करविले. विशेष दृश्यांचे काम ऐनवेळी दुसऱ्यांच्या हाती सोपवावे लागले. खर्च सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरवर गेला. डिसेंबर १९७९ मध्ये चित्रपट आला. तो संथ आहे, हे मान्यच. पण मारामारीपेक्षा विचाराला मान देण्याचे धैर्य त्यात आहे. मानवाने पाठविलेले एक यान प्रचंड ज्ञान मिळवून आपल्या निर्मात्याच्या शोधात परतते, ही त्याची कथा.

चित्रपटाने पैसा मिळविला, परंतु वाढलेल्या खर्चाचे खापर रॉडनबेरी यांच्यावर फुटले. १९८२ चा दुसरा चित्रपट हार्व्ह बेनेट यांनी पुष्कळ कमी पैशांत काढला. रॉडनबेरी यांच्याकडे सल्लागारपद उरले: लांबलचक हरकती लिहून धाडाव्यात, स्वीकारणे न स्वीकारणे इतरांच्या मर्जीवर! अर्थात ते स्वतःही व्यवहारात भाबडे नव्हते. मालिकेच्या शीर्षकसंगीताला कधीच न गायिले गेलेले शब्द जोडून त्यांनी संगीतकार कूरेज यांच्या मानधनातील निम्मा वाटा मिळविला होता. दुसऱ्याच्या निर्मितीवरील हक्क कसा मिळवावा हे त्यांना ठाऊक होते. स्वतःच्या निर्मितीवरचा मात्र त्यांना राखता आला नाही.

१९८७ मध्ये नव्या पिढीच्या मालिकेने त्यांना दूरचित्रवाणीवर पुन्हा मान मिळवून दिला. चित्रपट मात्र दूरच राहिले. सहाव्या चित्रपटाच्या संहितेतील नायकांचा वैरभाव त्यांना रुचला नव्हता. २४ ऑक्टोबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच डिसेंबरात झळकलेला तो चित्रपट त्यांच्याच स्मृतीस अर्पण केलेला होता.