बेळगावातून उठले, माळावर बसले : लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बिऱ्हाड

लिंबायत, सुरत : तापी लाइनच्या गाडीने अमळनेर-नंदुरबारकडून येऊन उधन्याला उतरायचं, लिंबायत-डिंडोलीत आधीच्या भाऊबंदाकडे पथारी टाकायची आणि मग आपलं बिऱ्हाड थाटायचं, हे इथल्या खानदेशी घरांना नवं नाही. शंभरावर वर्षांपूर्वी असंच बिऱ्हाड उचलावं लागलेला एक माणूस पुढे मोठा कारखानदार झाला. फरक एवढाच, की तो शहरातून खेड्यात गेला.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं आणि चित्रकला सुटली. यांत्रिक ड्रॉइंग मात्र पक्कं होतं. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची नोकरी मिळाली. तिथे बढतीत डावललं गेलं, तशी नोकरी सोडून ते बेळगावला आले. थोरले भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत सायकलचं दुकान होतंच. सायकल विकायची आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर पडून राहिले, पण लक्ष्मणरावांनी नाद सोडला नाही.

धंदा जरा मार्गी लागतोय तोच नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी ती जागा हवी झाली. कारखाना हलवा म्हणून सांगितलं गेलं. वय चाळीस, घरात लहान मुलं, हाताखाली कामगार, आणि जायचं कुठे? औंधला बांधकामाच्या निमित्ताने राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींची ओळख झाली होती. 1909 साली ते गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले.

जमीन म्हणजे काय, निवडुंगाचा माळ. सापांचा सुळसुळाट, पाण्याचे हाल. जमेची बाजू एकच, रेल्वे दारात होती. माल आणायला-न्यायला तीच कामी येणार होती. मार्च 1910 मध्ये पंचवीसेक कामगार बायकापोरांसह तिथे उतरले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि सात वर्षंही पूर्ण न झालेले शंतनू हेही आले. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, शेड उभी करायची. घर आणि कारखाना बरोबरच उभे राहत होते. वस्तीची व्यवस्था रामूअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. शंभूराव जांभेकर हरहुन्नरी. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रात डोकं चालवायचे. कागदावरची पदवी बघून माणूस घ्यायची पद्धत तिथे नव्हती.

सगळ्यात धाडसाचा निर्णय राखणीचा. रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी तुकाराम रामोशी आणि पिर्‍या मांग यांना ठेवलं. दोघेही शिक्षा भोगून आलेले. बायकामुलांची वस्ती अशा लोकांच्या भरवशावर सोडायची, हे आज एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पास होईल का? वाडीत शिवाशिव पाळायलाही लक्ष्मणरावांचा विरोध होता. त्या काळच्या खेड्यात ही बाब नांगर विकण्याइतकीच अवघड होती.

पुढे नांगर चालले, भुईमूग फोडायची यंत्रं आली, पंप आले. 1920 साली पुतणे शंकरराव यांनी वाडीतूनच मासिक सुरू केलं, 1930 ला ‘स्त्री’ निघालं. धंदा बेंगळुरू, हरिहर, पुण्यापर्यंत पसरला. पण 1948 साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत वाडीतल्या कारखान्यालाही आग लागली. ज्या माळावर एकेक शेड हाताने उभी केली, तिथे पुन्हा राख उपसून काम सुरू करावं लागलं. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

26 सप्टेंबर 1956 रोजी ते गेले. वाडी आता सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते. पुणे-मिरज मार्गावरच्या त्या स्टेशनच्या पाटीवर कुंडल रोड नाही, किर्लोस्करवाडी लिहिलेलं आहे.