मिनरल की सिंथेटिक? तेलाचे शास्त्र शिकवणाऱ्या एलआयटीमागचा खाणमालक

सीताबर्डीत इंजिन ऑइल घ्यायला गेले की मिनरल की सिंथेटिक, हा प्रश्न हमखास येतो. तिथून अमरावती रस्त्याने पुढे निघाले की तेलाचे रसायनशास्त्र शिकवणारी एलआयटी लागते. तिच्या नावातले लक्ष्मीनारायण कोण, हे मात्र रोज समोरून जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण कामठीचे. मँगनीजच्या खाणींतून त्यांनी संपत्ती कमावली. खनिज खणायचे आणि विकायचे, असा हा धंदा. पण १९३० मध्ये मृत्युपत्र करताना त्यांनी सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाच्या नावे केले, तेही उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचे. त्याच वर्षी ते गेले. संस्था सुरू झाली १९४२ मध्ये. ती त्यांना पाहता आली नाही. पुढे तिथे तेल आणि पेट्रोकेमिकल तंत्रज्ञानाचे स्वतंत्र अभ्यासक्रम आले.

दुकानातला प्रश्नही खनिज आणि रसायनाचाच आहे. मिनरल ऑइल कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले, त्यात लहानमोठे रेणू मिसळलेले. सिंथेटिकमधले रेणू बऱ्याच अंशी घडवलेले, एकसारखे. म्हणून ते तापलेल्या इंजिनात सावकाश खराब होते आणि डिसेंबरच्या पहाटे लगेच वाहू लागते. टर्बो इंजिनला सिंथेटिकच घ्या. जुन्या, साध्या इंजिनाला कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे मिनरल चालत असेल, तर जास्तीचे पैसे कशाला? ग्रेड मात्र पुस्तिकेतलीच हवी.