समजून घ्या: वर्ध्यात खुर्ची गमावलेले डॉ. ना. भा. खरे
हायकमांडने मुख्यमंत्री बदलला, ही बातमी आता नवी राहिलेली नाही. १९३८ मध्ये हे वर्ध्यात घडलं होतं.

पेशाने डॉक्टर असलेले नारायण भास्कर खरे १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान झाले (तेव्हा मुख्यमंत्र्याला हेच म्हणत). मंत्रिमंडळात नागपूर-वऱ्हाडचे मराठी आणि महाकोशलचे हिंदी नेते एकत्र होते, पटलं नाही. पचमढीत समेट झाला, तोही टिकला नाही. २० जुलै १९३८ रोजी खरेंनी राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता मात्र अडून बसले. गव्हर्नरने तिघांना बडतर्फ केलं आणि खरेंनी लगेच नवं मंत्रिमंडळ बनवलं. भांडणात इंग्रज गव्हर्नरचा आधार घेतला, हेच त्यांना महागात पडलं.

काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यात बसली होती, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. खरेंना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. ते जबाबदारीच्या पदाला अपात्र असल्याचा ठरावही झाला. मग आमदारांनी शुक्लांना नेता निवडलं. अमेरिकेत प्रायमरीत पक्षाचा उमेदवार सामान्य मतदार ठरवतात. इथे मत आमदारांनी दिलं खरं, पण निकाल आधीच लागला होता.

खरे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, नंतर हिंदू महासभेचे अध्यक्ष आणि ग्वाल्हेरचे खासदार झाले. शुक्ल १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री झाले.