‘थ्री नॉट थ्री’चे जनक : जेम्स पॅरिस ली

महाराष्ट्र पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीचे मूळ जेम्स पॅरिस ली या घड्याळजीच्या मुलाच्या कल्पकतेत आहे. स्कॉटलंडमधील हॉविक येथे १८३१ साली जन्मलेले ली बालपणी कॅनडात गेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. यादवी युद्धाच्या अखेरीस मिळालेले कार्बाइनचे कंत्राट नळीच्या मापाच्या वादात बुडाले, तरी ते खचले नाहीत. १८७९ मध्ये त्यांनी बोल्टखालील काडतूसपेटीचे पेटंट मिळवले. ब्रिटिश लष्कराने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आणि १८९५ मध्ये ली-एन्फील्ड रायफल स्वीकारली. १९०४ मध्ये ली निवर्तले.

त्यांची रायफल मात्र दोन महायुद्धे लढली. बंगालमधील इशापूर कारखान्यातही ती घडली. लष्कराने मोडीत काढलेल्या असंख्य रायफलींचे लाकूड कापून पाश्चात्त्य शिकाऱ्यांनी त्या हलक्या केल्या. आज जाणकार बोल्टच्या मुठीखालील पोलादावरचा मुकुट, कारखाना आणि सालाचा छाप वाचून त्यांचे मूळ शोधतात व जुने लाकूड मिळवून पूर्वरूप देतात. नळीच कापलेली असेल, तर ते काम फार अवघड होते.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत एके-४७ समोर काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. लींचे नाव मात्र त्या छापातील ‘एल’ या एका अक्षरापुरते उरले आहे.