हेन्री फ्रँक फिलिप्स

हेन्री फ्रँक फिलिप्स (४ जून, इ.स. १८८९ – १३ एप्रिल, इ.स. १९५८) हे अमेरिकेतील ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथील उद्योजक होते. फुलीच्या आकाराची खाच असलेला स्क्रू आणि त्याचा पेचकस त्यांच्या नावाने ओळखले जातात. भारतातील कारागीर त्याला 'स्टार' म्हणतात.

== पार्श्वभूमी ==
सरळ खाचेच्या स्क्रूवरून पेचकसाचे पाते बाजूला घसरते. त्यामुळे यंत्राच्या साहाय्याने असे स्क्रू जलद बसवणे अवघड होते. फुलीच्या निमुळत्या खाचेत मात्र बिट आपोआप मध्यभागी बसते. या खाचेची मूळ कल्पना फिलिप्स यांची नसून पोर्टलंडचेच जॉन पी. थॉम्प्सन यांची होती. त्यांना इ.स. १९३३ मध्ये तिचे पेटंट मिळाले. परंतु उत्पादक पुढे आले नाहीत. थॉम्प्सन यांच्याकडून हक्क घेऊन फिलिप्स यांनी रचनेत सुधारणा केल्या.

== उद्योग ==
इ.स. १९३४ मध्ये त्यांनी फिलिप्स स्क्रू कंपनी स्थापन केली. स्वतः उत्पादन न करता इतरांना परवाने देणे, हे तिचे धोरण होते. माथ्यात एवढी खोल खाच ठोकल्यास स्क्रू निकामी होईल, असा आक्षेप उत्पादक घेत असत. अखेर ऱ्होड आयलंडमधील अमेरिकन स्क्रू कंपनीने ही निर्मितीप्रक्रिया विकसित केली. इ.स. १९३६ मध्ये फिलिप्स यांना पेटंटे मिळाली आणि त्याच सुमारास जनरल मोटर्सने कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत हे स्क्रू वापरले. प्रकृतीच्या कारणास्तव फिलिप्स इ.स. १९४५ मध्ये निवृत्त झाले.

== मोठे स्क्रू आणि बिट ==
फिलिप्स बिटांवर 'पीएच' ही खूण व क्रमांक असतो; क्रमांक वाढतो तसा आकार वाढतो. घरगुती कामांत क्रमांक २ सर्वाधिक वापरला जातो. ६ मिमी व्यासाच्या मेट्रिक यंत्रस्क्रूला सामान्यतः क्रमांक ३, तर ८ व १० मिमीच्या स्क्रूंना क्रमांक ४ लागतो. लहान बिट मोठ्या खाचेत सैल बसून कडा झिजवते.

खाचेच्या भिंती उतरत्या असल्याने जोर वाढताच बिट वर सरकून बाहेर पडू पाहते. सॉकेट बिट रॅचेटला जोडल्यास फिरवण्याचा जोर वाढतो, पण खाली दाबण्याचा वाढत नाही. म्हणून बिट स्क्रूच्या सरळ रेषेत धरून दुसऱ्या हाताने घट्ट दाबावे लागते. गंजलेल्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर उपयोगी पडतो, कारण त्यात दाब व फिरकी एकाच वेळी मिळतात. पोझिड्राइव्ह आणि जपानी मानकाच्या खाचा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची मापे वेगळी असल्याने त्यांना त्यांचीच बिटे वापरणे योग्य ठरते.

== वारसा ==
अतिरिक्त जोर टाळण्यासाठी हे घसरणे मुद्दाम योजले होते, असा समज रूढ आहे. मूळ पेटंटांत मात्र तसा उद्देश नोंदवलेला नाही. मूळ संशोधक थॉम्प्सन यांचे नाव मागे पडले आणि ती रचना कारखान्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या फिलिप्स यांचे नाव रूढ झाले.