विश्लेषण : टायरमध्ये हवा भरणारे डनलॉप कोण होते? त्यांचा शोध आजही तुमचा जीव कसा वाचवतो?

गाडीचे वजन टायरचे रबर पेलते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते काम मुख्यतः आतली हवा करते. ही कल्पना रस्त्यावर यशस्वी करून दाखवणारे जॉन बॉइड डनलॉप इंजिनीअर नव्हते. ते गुराढोरांचे डॉक्टर होते.

पशुवैद्य ते संशोधक

डनलॉप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न गावी शेतकरी कुटुंबात झाला. एडिनबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन 1867 मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्टमध्ये त्यांचा जम बसला.

त्या काळी सायकलच्या चाकांना भरीव रबर असे. दगडी रस्त्यावर प्रत्येक हादरा थेट अंगात जाई. डनलॉप यांचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा तीनचाकी सायकल चालवत असे. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून 1887 मध्ये डनलॉप कामाला लागले.

अंगणातला प्रयोग

पातळ रबराची नळी करून त्यांनी ती लाकडी चकतीभोवती बसवली, वरून कापड लावले आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग ही चकती आणि सायकलचे जुने चाक अंगणात घरंगळत सोडले. जुने चाक लवकर थांबले. हवेचे चाक मात्र पार दूर जाऊन आदळले. खडा लागला की हवा दबते आणि पुन्हा फुगते, त्यामुळे ताकद कमी वाया जाते.

1888 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. मे 1889 मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टमध्ये हे जाडजूड टायर लावून शर्यती जिंकल्या. उद्योजक हार्वे ड्यू क्रॉस यांनी डनलॉप यांना सोबत घेऊन डब्लिनमध्ये कंपनी काढली.

पेटंट का गेले?

स्कॉटलंडचेच रॉबर्ट थॉमसन यांनी अशा चाकाचे पेटंट 1845 मध्येच घेतले होते. तेव्हा आजच्यासारख्या सायकली नव्हत्या आणि मोटारी तर नव्हत्याच, त्यामुळे ती कल्पना विस्मरणात गेली. डनलॉप यांना तिची माहिती नव्हती, तरीही त्यांचे पेटंट रद्दबातल ठरले. काही वर्षांत ते कंपनीतून बाहेर पडले. 1896 मध्ये कंपनी 30 लाख पौंडांना विकली गेली, पण त्या संपत्तीत त्यांना मोठा वाटा मिळाला नाही. 23 ऑक्टोबर 1921 रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

मोटारीत हवा कधी आली?

फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. वाटेत टायर वारंवार पंक्चर झाले, पण मोटारही हवेवर धावू शकते हे सिद्ध झाले.

हवा कमी असेल तर काय होते?

टायरच्या बाजू जास्त वाकतात आणि तापतात. वेग, वजन आणि उन्हाळा एकत्र आले की टायर फुटण्याचा धोका वाढतो. हवा जास्त असेल तर टायर मधोमध झिजतो आणि रस्त्यावरची पकड कमी होते.

तुम्ही काय कराल?

• महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हवा तपासा. टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना तपासणे उत्तम.

• चालकाच्या दाराजवळील स्टिकरवरचा आकडा पाळा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

• खाचांमधील उंचवटा टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत आला, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटरच उरली. आता टायर बदला.

• स्टेपनीतली हवाही तपासा. ऐन वेळी तीच रिकामी निघते.

डनलॉप यांच्या हातून पेटंट गेले, पैसाही गेला. त्यांनी उपयोगात आणलेली हवा मात्र आजही प्रत्येक गाडीचा भार वाहते. ती पुरेशी आहे ना, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.